चौकटीबाहेरचा कंप

सोमवार, ३ मार्च

आज रुजू झाले. पेटंट परीक्षक! मावशीने सकाळपासून मला हे चार वेळा म्हणायला लावलं, आणि शेजारणीला सांगताना मात्र ती 'पेंटिंगच्या ऑफिसात' असंच म्हणाली. तिच्याकडे राहायला आले ते बरंच झालं. काका गेल्यापासून ती एकटी होती, आणि तिची मागची खोली म्हणजे मला राजवाडा. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे, पण भिंत स्वच्छ आहे. मला तेवढं पुरतं.

कामाचं स्वरूप तिला असं समजावलं: कोणीतरी येऊन म्हणतं, ही युक्ती माझी. आम्ही बघायचं, युक्ती खरंच नवी आहे का, आणि ती कशी चालते हे गड्याने सगळं खरं खरं सांगितलंय का. मावशी म्हणाली, म्हणजे मुलगी द्यायच्या आधी करतात ती चौकशी. अगदी तीच.

ऑफिसही नीटनेटकं आहे, माझं टेबल सोडून. इथे आधी बसणारे परीक्षक आजारपणाच्या रजेवर गेले ते परत आलेच नाहीत. खणाच्या कडेला काहीतरी पातळ चिकट वाळलेलं होतं, लाळ वाळल्यासारखं. ओल्या फडक्याने पुसलं, मग फडकंच टाकून दिलं. साहेब हसले. पहिल्याच दिवशी घर आवरायला काढलंत, म्हणाले. काय करू, मला दुधावरची साय दिसली तरी उमासे येतात.

गुरुवार, ६ मार्च

पहिली फाईल मिळाली. आधीच्या परीक्षकांनी अर्धवट सोडलेली आहे आणि सुनावणीची तारीखही लागलेली आहे, म्हणून साहेबांना घाई. मोठी कंपनी हे तंत्र विकत घ्यायला टपून बसली आहे म्हणे.

विषय सोपा आहे. मोबाइल हातात धरून चित्रण केलं की चित्र हलतं. ते स्थिर करायला संगणक आधीचं आणि नंतरचं चित्र ताडून पाहतो, किती सरकलं ते मोजतो आणि तेवढंच उलट सरकवतो. त्यात कडा रिकाम्या पडतात, म्हणून त्या कापून टाकायच्या. सगळीकडे हेच चालतं. हा अर्जदार मात्र कडा कापत नाही. शिवाय त्याचा दावा असा की कॅमेऱ्याचाच नव्हे, समोरच्या माणसाचा कंपही काढता येतो. मग काढलेला कंप जातो कुठे? अर्जात त्यावर एकच वाक्य आहे: 'उरलेला कंप चौकटीबाहेर जमा होतो.' मी समासात लिहिलं, भाषा मोघम.

नमुन्याच्या व्हिडिओत त्याची म्हातारी आई आहे, कंपवाताने हैराण झालेली. चमच्याने सूप पिते आहे. मूळ चित्रणात सूप हनुवटीवरून ओघळून गळ्याच्या सुरकुत्यांत साचतं. प्रक्रिया केलेल्या चित्रणात तिचा हात दगडासारखा स्थिर. ओठावरचा थेंब खाली लोंबतो आणि लोंबतच राहतो. दोन्ही शेजारी शेजारी लावून दिवसभर पाहिले. पाहणं हेच तर काम. डबा तसाच परत आणला.

रविवार, ९ मार्च

अर्ज आता प्रसिद्ध झालेला आहे, त्यामुळे लपवण्यासारखं काही नाही. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तोच व्हिडिओ पाहत बसले होते. मावशी मागून येऊन कधी बघायला लागली, कळलंही नाही. तिच्या सासूबाईही अशाच कापायच्या, शेवटी शेवटी तीच त्यांना भरवायची. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, लाव गं पुन्हा. बघ कशी शांत झाली बिचारी. मी लावला. तिने जेवायची भांडी तशीच ठेवून तो पुन्हा पुन्हा पाहिला.

मंगळवार, ११ मार्च

काहीतरी बिघडलंय. सकाळी दात घासताना खालच्या ओठाच्या आत काहीतरी वळवळलं. आरशात ओठ उलटा करून पाहिला. ओठ स्थिर होता, पण आतला गुलाबी मांसल भाग बारीक बारीक थरथरत होता, गरम दुधावरची साय फुंकर मारल्यावर सुरकुतते तसा. बोटाने दाबला तर बाजूला सरकला. बेसिनमध्ये ओकले.

संध्याकाळी मावशी भाजी निवडत होती. तिचे हात थांबले, तरी दंडाचं मांस थांबेना. हाडापासून सुटल्यासारखं डावीउजवीकडे लोंबत हलत होतं. तिला म्हटलं, मावशी, थंडी वाजते का? ती म्हणाली, नाही गं, वय झालं.

शुक्रवार, १४ मार्च

आज सुनावणी झाली. अर्जदार आईला घेऊन आला. साधा माणूस, शर्टाला इस्त्री, आईची पिशवी खांद्याला. म्हातारी खुर्चीत बसली ती बसलीच. बोटसुद्धा हलत नव्हतं. पापणी लवत नव्हती, डोळ्यांवर चिपडांचा पिवळा थर धरला होता, आणि तोंडातून निघालेली लाळेची तार हनुवटीखाली वीतभर लोंबत होती. पंखा चालू होता, तरी तार हलली नाही. मुलाने ती रुमालाने टिपली. तशीच दुसरी आली. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

मी नियमाप्रमाणे हरकत घेतली, काढलेला कंप कुठे जातो ते अर्जात पूर्ण सांगितलेलं नाही. त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

"बघणाऱ्याच्या अंगात जातो, मॅडम. एकाने बघून भागत नाही, कंप खूप असतो. म्हणून तर हे सगळ्यांच्या मोबाइलमध्ये जायला हवं. लाखो लोकांत वाटला गेला तर कोणाला जाणवणारही नाही."

माझ्या आधीच्या परीक्षकांनी किती वेळा पाहिलं, असं मी विचारलं. त्याने मान खाली घातली. म्हणाला, ते फार कसून काम करायचे. मग माझ्याकडे बघून म्हणाला, तुमच्या आईसाठी तुम्ही काय केलं असतं? आवाजात गुर्मी नव्हती. तेच जास्त घाण वाटलं. जाताना त्याने फोन नंबर लिहून दिला.

सोमवार, १७ मार्च

नामंजुरीचा मसुदा साहेबांपुढे ठेवला. लोकांच्या आरोग्याला अपाय, असं कारण दिलं. त्यांनी पुरावा मागितला. मी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडीखाली गोळे सरकत होते, पिशवीत जिवंत काहीतरी कोंबावं तसे. त्यांनी खुर्ची मागे ओढली आणि नाकाला रुमाल लावला.

"किळस हे नामंजुरीचं कारण होत नाही," ते म्हणाले. मी विचारलं, साहेब, तुम्ही तो व्हिडिओ पाहिलात का? ते म्हणाले, मी अहवाल वाचतो, व्हिडिओ बघणं परीक्षकाचं काम.

मसुदा त्यांनी परत दिला नाही.

बुधवार, १९ मार्च

मावशी दवाखान्यात. सकाळी ओट्यापाशीच कोसळली. डॉक्टर म्हणतात, हृदय नीट ठोके देत नाही, नुसतं थरथरतंय. औषधं लागू पडत नाहीत. तिचे गाल हलतात, पोट हलतं, मान हलते, वरची कातडी खालच्या मांसावरून घसरते. नर्सने अंग पुसताना हात मागे घेतला. मीही घेतला. ज्या मावशीने मला न्हाऊमाखू घातलं, तिच्या अंगाला हात लावताना मला शिसारी येते. आणि तिला हे मीच दाखवलं.

अर्जदाराला फोन केला. तो म्हणाला, व्हिडिओ काढून पाठवा, मी कंप काढून देतो. पण बघायला कोणीतरी लागेल. मी म्हटलं, मी बघेन.

शुक्रवार, २१ मार्च

पाहिला. दिवसभर. मावशीची थरथर थांबली. ठोके घड्याळासारखे पडू लागले. डॉक्टर खूश. मी तिच्या कानाशी बोलले, मावशी, मी आलेय. डोळे उघडे. पण बघत नाही. तोंडात पाणी घातलं तर ते ओठांशी तसंच भरून राहिलं, आत गेलं नाही, बाहेरही सांडलं नाही. एक माशी येऊन तिच्या बुबुळावर बसली. पाय चोळत बसली. मावशीने पापणी मिटली नाही. मी माशी हाकलली, पुन्हा आली —

हे बरं होणं नाही. नुसतं थांबणं आहे. त्या म्हातारीचंही हेच. आणि तो रोज तिला शर्टाला इस्त्री करून भेटतो आणि समजतो, आई शांत झाली.

रविवार, २३

दोघींचा कंप आता माझ्यात. हिरड्या दातांवरून वर सरकतात, खाली येतात. जीभ माझी राहिलेली नाही. तोंडात आपली आपण फिरते, टाळू चाटते, घशाकडे जाते. जेवताना मीच चावली. रक्ताबरोबर गिळलं काय, ते —

अक्षर बिघडतंय. बोलले तर नुसती लाळ.

अर्जदाराचा फोन. माझाही काढून देतो म्हणाला. फक्त बघणारा शोधा. क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. क्षणभर नव्हे, बराच वेळ.

नाही म्हटलं. म्हणजे शब्द निघाला नाही, फोनवर नुसती मान हलवली, मग ठेवून दिला.

सोमवार

ऑफिसात आले. फाईल माझ्याकडून काढली. दुसऱ्या शाखेतून बाई येतायत, दोन मुलांची आई, हुशार आहेत म्हणे. साहेब दारातूनच बोलले, आत आले नाहीत. त्यांनी आजच तपासून मंजुरी देऊन टाकायची आहे. व्हिडिओ त्यांच्या संगणकावर लावून ठेवलेत.

पुसायला गेले. पासवर्ड बदललाय.

त्या आल्या. पिशवी ठेवली. माझ्याकडे बघून हसल्या, मग माझा गाल पाहिला आणि हसू — पाणी आणू का विचारतायत. चांगली बाई. खुर्ची ओढली. चष्मा पुसतायत.

बोलता येत नाही. हात — हातही सुटत चाललाय. इथेच मोठ्या अक्षरांत लिहिते आणि वही त्यांच्यापुढे धरते

व्हिडिओ बघ—