घरगाडीचा दांडा

१२ नोव्हेंबर १९८१, सायखेडा

गाडी चालू होते. ट्रेलर जोडला जात नाही.

अकरा वर्षं मी मागे न बघता गाडी मागे घेत आलो. मागे बायको, कुमुद, उभी असे. ‘येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे. अहो, तुमच्या नव्हे, माझ्या. बास.’ मग ती ट्रेलरची मान उचलून गाडीच्या दांड्याच्या भोकावर आणी, पिन टाकी, साखळी अडकवी. दोन मिनिटांचं काम. आज एकटा. मागे घेतली, उतरून पाहिलं, वीतभर कमी. चढलो, घेतली, उतरलो, वीतभर जास्त. अर्धा तास असाच चढउतार. शाळेची पोरं कुंपणावर बसून बघत होती. कालच्या माझ्या एकपात्री कार्यक्रमाला एवढी शांतता नव्हती.

शेवटी ट्रेलर शाळेच्या आवारात ठेवला. पडदे, दिवे, माईक, सगळा संसार त्यात. नुसती घरगाडी घेऊन निघालो.

कुमुद पहिल्या एस.टी.नं गेली. एकलहऱ्याला, भावाकडे. मी भांडणाची तयारी करून बसलो होतो, दोन अंक आणि मध्यंतर. ती पिशवी घेऊन उतरली आणि एवढंच म्हणाली, ‘दांड्याला चीर गेलीय. पगाऱ्यांना दाखवा.’

१३ नोव्हें., सिन्नर फाटा

पगारे मिस्त्रींच्या वर्कशॉपमागे गाडी लावली. दर पावसाळ्यात आमचा मुक्काम इथंच असतो. मिस्त्री म्हणाले, ‘बाई कुठंयत?’ म्हटलं, माहेरी. त्यांनी मागे जाऊन दांडा पाहिला.

लिहून ठेवतो. दुसऱ्याचं लिहिताना हात अडत नाही, आज अडतोय.

मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे नावही नाही. सातव्या दिवशी मी हौसेनं पाळणा आणला होता. पुढच्या वर्षी लिलावातली जुनी बस घेतली, तिची घरगाडी केली, सामानाबरोबर पाळणाही चढला. टाकवेना, ठेवायला जागा नाही. एक दिवस पाहतो तर छताच्या कडीला टांगलेला आणि त्यात कांदे. कु. काही बोलली नाही. मीही काही न बोलता अकरा वर्षं त्यातून कांदे काढत आलो.

परवा सायखेड्याला लोक थंड. हशा येईना. पुढच्या रांगेतून एक फेटेवाले म्हणाले, ‘मास्तर, दुसऱ्याच्या संसाराची लय मापं काढता. तुम्हाला लेकरं किती?’

म्हणालो, ‘पाळणा आहे की घरात. कांदे ठेवतो त्यात. रडवायला कुणीतरी हवं ना.’

कांदा पिकवणारं गाव. हसता हसता माणसं एकमेकांवर पडली. इतका हशा मला जन्मात मिळालेला नाही. कु. पडद्यामागे दिव्यांपाशी. तिनं दिवे बरोबर वेळेवर मंद केले, पडदा पाडला, घड्या घातल्या.

१९ नोव्हें.

सायखेड्याहून ट्रेलर आणला. ड्रॉइंगचे मास्तर मदतीला. ‘या, या, या, या...’ आणि मग धडकल्यावर ‘आता थांबा’. मास्तर सज्जन. निघताना म्हणाले, ‘वहिनी बऱ्या आहेत ना? पाळण्याचं फार छान म्हणालात हो. घरी सगळ्यांना सांगितलं.’

२४ नोव्हें., एकलहरे

गेलो. मेहुणा वसंता पॉवर हाउसात, कॉलनीत दोन खोल्या. वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेची बारीक पूड बसते. कु. ते झटकत होती. मला पाहून झटकणं थांबलं नाही.

‘चहा घेणार?’

‘घेईन.’

‘दांडा दाखवला?’

‘पगाऱ्यांनी पाहिला. करून घ्यायचाय अजून.’

‘मग इतके दिवस काय केलंत?’

वसंता शिफ्टवरून आला, म्हणाला, ‘दाजी, ताईला काय झालंय ते ती सांगत नाही. तुम्ही तर बोलण्याचे पैसे घेता, तुम्ही सांगा.’ हा मनुष्य स्टेजवर असता तर माझं दुकान बंद झालं असतं.

मी म्हटलं, ‘चल.’ कु. म्हणाली, ‘चहा गार होतोय.’

बस.

१ डिसें.

इगतपुरीच्या कार्यवाहांचं कार्ड. पाच तारखेचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे. खाली अधोरेखित, ‘सायखेडा येथे सांगितलेला पाळण्याचा किस्सा अवश्य घ्यावा.’ किस्सा. म्हणजे आता तो गावोगाव माझ्या आधी पोहोचतो.

२ डिसें.

पगारेंशी हुज्जत.

‘दादा, ह्याला आता हात लावायचा नाय. वेल्डिंगवर वेल्डिंग झालंय. लोखंड कुठंय ह्याच्यात? नवा करा.’

‘नव्याला किती दिवस?’

‘करीन सावकाश. सहा तारखेला मी दादरला, तीन दिवस वर्कशॉप बंद. नंतर बघू.’

‘मला पाचला इगतपुरी आहे.’

‘मग बाईंना विचारा. दरवेळी माप त्याच घेऊन येतात.’

म्हटलं, गाडी माझी आहे. त्यांनी वर पट्टी मारून दिली. देताना म्हणाले, ‘हे ठिगळ हाय. हळू जा. साखळी लावा.’

नवा दांडा करायला मी का तयार नाही, ते त्यांना सांगितलं नाही. नवा करायचा म्हणजे पुढची दहा वर्षं ठरवायची. ती एकट्यानं कशी ठरवू?

५ डिसें., इगतपुरी

म्हणालो. पाळण्याचं.

ठरवलं होतं की म्हणायचं नाही. पहिली वीस मिनिटं ते टाळलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, ‘कांदे, कांदे’, आणि सगळं सभागृह तेच. तोंड आपोआप उघडलं. सायखेड्याला ते निसटलं होतं. इथं मी शब्दांची जागा बदलली, मध्ये थांबलो, पाणी प्यालो, मग म्हणालो. घासूनपुसून. हशा दुप्पट.

याला चूक म्हणत नाहीत. धंदा म्हणतात.

६ डिसें.

घोटीच्या अलीकडच्या चढावर गाडी एकदम हलकी झाली. क्षणभर बरं वाटलं. आरशात पाहिलं तर ट्रेलर आपल्या मर्जीनं मागे चाललेला. रस्ता सोडून भाताच्या कापलेल्या खाचरात उतरला आणि कुशीवर पडला. मागे कुणी नव्हतं म्हणून निभावलं.

पट्टीच्या शेजारीच दांडा तुटलेला. आणि साखळी? साखळी ट्रेलरच्या हुकाला गुंडाळून तशीच होती. मी ती लावलीच नव्हती. ते माझं काम नव्हतं ना. अकरा वर्षांत एकदाही साखळीला हात लावला नाही, हे आज खाचरात उभं राहून समजलं.

शेतकऱ्यानं बैल आणले. ट्रेलर उभा केला. म्हातारा म्हणाला, ‘मागं कोन बघतं तुमच्या?’

‘कोणी नाही.’

‘मंग पुढं तरी कशाला जाता?’

ट्रेलर त्याच्या खळ्यावर ठेवून आलो. माईक गेला. पडद्यांना चिखल. पगारे दादरला, तेवढं बरं. आज त्यांना तोंड दाखवलं नसतं.

१४ डिसें., एकलहरे

तिला सगळं सांगितलं. दांडा, खाचर, साखळी. ती तांदूळ निवडत होती.

‘कुणाला लागलं?’

‘नाही.’

एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, ‘इगतपुरीला परत म्हणालात?’

खोटं बोलायला एवढी मोकळी जागा मला कुणी कधी दिली नव्हती. ‘हो,’ म्हणालो.

‘हसले?’

‘हसले.’

‘हसणारच. चांगला आहे तो.’ मग सुपाकडेच बघत, ‘सायखेड्याला मीसुद्धा हसले. पडद्यामागे. हसून झाल्यावर कळलं कशाला हसले. लोकांचं मला काही नाही हो. तुमचंही एक वेळ सोडा. पण माझ्याच तोंडून हसू काढलंत तुम्ही. तिच्यावर.’

मला वाटत होतं, तिला दुखावलं म्हणून क्षमा मागायची. ती तोंडपाठ करून गेलो होतो. इथं ती पुरेना.

निघालो. जिन्यापर्यंत आली. ‘नवा दांडा करा. जुना जोडू नका आता,’ म्हणाली. कशाबद्दल बोलतेय असं माझ्यातल्या त्या स्टेजवरच्या माणसाला लगेच विचारावंसं वाटलं. त्याला जिन्यावरच गप्प केलं. ती दांड्याबद्दलच बोलत होती.

१७ डिसें.

पगारेंना नवा दांडा सांगितला. जाड लोखंडी चॅनल. गाडीखाली आडवा पट्टा घालून चार बोल्टांवर बसणारा. म्हणाले, ‘हे आधी करायला पायजे होतं.’ म्हटलं, हो. ‘हो’ म्हणण्याची सवय लागतेय. उशिरा.

इगतपुरीच्या कार्यवाहांनी पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय. कळवलं, पाळण्याचं मिळणार नाही. त्यांचं उलट कार्ड, मग राहू द्या.

३० डिसें.

घोटीहून ट्रेलर टेम्पोमागे बांधून आणला. पडदे धुतले. निळा पडदा वाळताना पाहिलं, मधली शिवण तिनं सहा ठिकाणी पुन्हा घातलीय, प्रत्येक वेळी वेगळ्या रंगाचा दोरा. कधी घातली? मी प्रेक्षकांकडे तोंड करून उभा असतो, पडदा पाठीशी.

दांडा झाला. काळा रंग ओला आहे, मंगळवारपर्यंत हात लावू नका म्हणाले.

५ जानेवारी १९८२

आज जोडून बघायचा. मी पगारेंना म्हटलं, तुम्ही मागे उभे राहा. ते म्हणाले, ‘गरज नाय.’

ट्रेलरच्या मानेखाली एक नवीन चाक. लहानसं, वर फिरवायची दांडी. दांडी फिरवली की मान वर, उलटी फिरवली की खाली. ढकललं की ट्रेलर सहज पुढे सरकतो. पिन टाका, चाक वर घ्या. माणूस लागत नाही. साखळीही आता दांड्यालाच कायमची, लटकती, समोर दिसेल अशी.

‘हे मी सांगितलं नव्हतं.’

‘बाई येऊन गेल्या. शुक्रवारी. तुम्ही बाजारात गेला व्हता. कागदावर काढूनच आणलं व्हतं.’ त्यांनी कागद दाखवला. वसंताच्या पोरीच्या वहीचं पान. चाक, दांडी, इंच-सुतांत मापं. खाली तिच्या अक्षरात, ‘एकट्या माणसास जमले पाहिजे.’

एकट्यानं जोडला. पहिल्याच वेळी. गाडी चार हात पुढे नेली, मागून आवाजसुद्धा नाही. पगारे म्हणाले, ‘झकास.’ मीही म्हणालो, ‘झकास.’ मग गाडीमागे जाऊन बसलो, तिथं कुणाला दिसत नाही.

तासाभरानं त्यांना म्हटलं, ‘चाक काढून टाका.’

‘का? चांगलं हाय.’

‘चांगलं आहे म्हणूनच.’

‘दादा, लावायला बाईंनी सांगितलं. काढायचं तर त्यांनी सांगावं. मी दोघांच्या मधी पडत नाय.’

‘गाडी माझी आहे, मिस्त्री.’

‘मागच्या टायमाला बी तेच बोलला व्हता.’

६ जाने.

एकलहऱ्याला जायचं. विचारायचं, चाक काढू का?

एवढंच विचारायचं तर वाक्य साधं हवं. सकाळपासून तीन केली. पहिल्याला हशा आला असता. दुसऱ्यालाही. तिसरं वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, म्हणून ते सगळ्यात आधी फाडलं.

आठची बस गेली. नऊची आहे.