पाचवा उद्गार

५ एप्रिल ९८, झावळ्यांचा रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी उत्तम शुक्रवारी एकेकानं बोलायला प्रभूचे वधस्तंभावरचे सात उद्गार वाटून दिले. पाचवा माझ्या वाट्याला. 'मला तहान लागली आहे' हा. बाबा उपदेशक होते तेव्हा दरवर्षी हा त्यांचाच असायचा. पाळकसाहेब म्हणाले, "देवत्वावर जोर द्या, सुमंतराव. तहान काय, ती शास्त्र पुरं व्हावं म्हणून बोलून दाखवलेली." मान डोलावली.

घरी आलो तर आई पाणी मागतेय. किडन्या थकल्यात, डॉ.नी दिवसाला दोनच पेले सांगितलेत. सकाळीच संपवले तिने. नाही म्हणालो. कसला मेला मुलगा मी!

७ एप्रिल

लिहायला बसलो नि बाबाच आठवत राहिले. कॉलेजच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर डिंगोऱ्याकडच्या वाड्यांवर प्रचाराला सायकलवर जायचो. भर उन्हात, मुद्दाम पाणी न घेता. "पाणी मागितलं की माणूस दारात येतो, मग बोलणं होतं." बरेच जण वरूनच ओंजळीत ओतायचे. एका धनगराच्या आजीनं मात्र तांब्याच हातात दिला. बाबांनी तिला सांगितलं, आमच्या देवानंही असंच विहिरीवर एका परक्या बाईकडे पाणी मागितलं होतं.

"द्येव आन् तहान? मंग त्यो आमच्यातलाच हाय की, भाऊ!"

बाबा जुन्नरपर्यंत गात आले. काय दिवस होते... भाषण एक ओळही नाही.

९ एप्रिल

आईचे ओठ फुटलेत. ओल्या कापसानं टिपले, तर तिनं कापूसच दातांत धरला. सोडेना. ओढून काढला.

मग शास्त्रातलं ते वचन काढलं. तिथंही शिपायांनी आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, भिजवलेला स्पंजच तोंडाला लावला होता. म्हणजे मी शिपायांच्या बाजूचा.

विचारलं, बाबा यावर काय सांगायचे गं?

"तहान खरी व्हती म्हनायचे. नाटक नव्हतं. द्येव पार घशापरेंत मानूस झाला व्हता."

१० एप्रिल, उत्तम शुक्रवार

पाच पानं नेली होती. उभा राहिलो नि एवढंच बोललो: देवाला खरीच तहान लागली होती, आणि जवळ उभ्या असलेल्या कुणी पाणी दिलं नाही. खाली बसलो. पाळकसाहेब नाराज. असू देत.

घरी आई जागीच. "काय सांगितलंस?" सांगितलं.

"मंग दे की रं."

आजचे दोन्ही पेले झालेत. जास्त दिलं तर पाणी छातीत साचेल, डॉ.नी बजावलंय. तांब्या भरून उशाशी आणून ठेवला. ती माझ्याकडे बघतेय, नि मी हे लिहीत बसलोय.