पडदा वेळेवर

८ जानेवारी, गुरुवार

तू पडदा ओढ, तुझे हात चांगले आहेत. मी सातवीत असताना नाटक बसवणाऱ्या बाई मला असं म्हणाल्या होत्या. तेहतीस वर्षं झाली. आज टाइमटेबल करताना मध्येच का आठवलं कोण जाणे. कौतुकच होतं ते. पस्तीस मुलींपैकी त्या फक्त माझ्याच हातांबद्दल बोलल्या. बाकीच्यांना नुसती कामं वाटली.

पडदा मी चोख पाडला होता. नाटक वीस मिनिटांचं ठरलं होतं, विसाव्या मिनिटाला पाडला. राणी मरायची राहिली, तो राणीचा दोष.

असो. हेडसरांनी आज बोलावून विचारलं, बाई, गुरुवारचा नाटकाचा तास ठेवायचा की तिथे भूमिती घालायची? मी म्हटलं, लेखी देते. एक पान. विषय : रंगमंचीय कला आणि विद्यार्थ्यांना त्यांचा उपयोग. उपयोग शून्य, त्यामुळे एक पानही जास्तच होईल. दहा दिवसांत देणार.

संकल्प : मनात आकस न ठेवता लिहायचं. मी रागावलेली नाही. मी फक्त सांगते आहे.

९ जानेवारी

रिपोर्टचं शीर्षक लिहिलं. पट्टीने अधोरेखित केलं. सुरुवात तर झाली.

नवरा म्हणाला, अगं, आपली कन्या त्याच तासाला बसते ना, तिलाच विचार की. विचारलं. ती म्हणाली, ठीक असतं. दोनच शब्द. म्हणजे कंटाळवाणं असतं. कुणाचं वाईट बोलायचं नाही, हा गुण तिने माझ्याकडून घेतला. नववीत गेल्यापासून तिच्या खोलीचं दार बंद असतं. अभ्यास वाढला आहे.

१५ जानेवारी, गुरुवार

पुरावा हवा, म्हणून स्वतः जाऊन बसले. हॉलमध्ये शेवटची रांग, वही, घड्याळ.

चाळीस मिनिटांच्या तासातली पहिली अकरा मिनिटं मुलं नुसती चालली. आधी जमीन तापली आहे असं समजून, मग तिचा बर्फ झाला असं समजून. जमीन फरशीची होती. नाटकवाली (हे मी इथेच लिहिते, स्टाफरूममध्ये बाई म्हणते) स्वतः फतकल मारून खाली बसते. एम. ए. झालेली बाई!

सगळ्यात कहर म्हणजे नाटकाची वहीच नाही. विचारलं, संवाद कुठे लिहिलेत? म्हणाली, लिहिलेले नाहीत हो, मुलं बोलतात, त्यातलं टिकेल ते नाटक. कागदावर काही उतरवायचं नाही असा आमचा नियमच आहे. म्हणजे मीही उद्या वर्गात जाऊन म्हणावं, मुलांनो, बोला, टिकेल ते उत्तर.

तास संपायला चार मिनिटं असताना उठले. पुढे सातवी ब होती, आणि त्या मजल्यावर जायला तीन मिनिटं लागतात. नाटकवाली म्हणाली, अहो, शेवट तरी बघून जा. म्हटलं, शेवट माझ्या लक्षात आला.

मुख्य काम आमच्या कन्येकडे आहे. घरी चकार शब्द नाही. गळ्यात मारलं असणार. भिडस्त आहे बिचारी, नाही म्हणता येत नाही.

१६ जानेवारी

कामाबद्दल लिहायचं राहिलं. ती एका खाष्ट बाईचं काम करते. मुलं तिला घड्याळबाई म्हणतात. ही बाई घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं सुद्धा वेळापत्रक भिंतीवर लावते. बोलण्याआधी चष्मा काढून पुसते, मग मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर नखाने टकटक करते आणि म्हणते, मी रागावलेली नाही, मी फक्त सांगते आहे. मुलं खदाखदा हसत होती. मला हसू आलं नाही. असं कोण बोलतं? नाटकात हीच तर अडचण, माणसं खरी वाटत नाहीत.

हल्ली चष्म्यावर फार धूळ बसते. तीनदा पुसला तेव्हा कुठे एवढं लिहून झालं.

१९ जानेवारी, सोमवार

दहा दिवस उलटून गेले. रिपोर्टची स्थिती : शीर्षक. कारण, एका तासावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे. हेडसरांकडून आणखी दोन आठवडे मागून घेतले. ते म्हणाले, घ्या, पण नक्की लिहिताय ना? मला असं कुणी विचारत नाही सहसा.

संकल्प : रोज पाच वाक्यं.

२२ जानेवारी, गुरुवार

आजची वाक्यं : शून्य. पण निरीक्षण भरपूर.

आज घड्याळबाईने आपल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या वहीत समास आखून दिले. पानापानावर. तद्दन अतिशयोक्ती. चौदाव्या वर्षी कुठली आई समास आखून देते? मी तेराव्या वर्षी बंद केलं.

तास संपता संपता नाटकवालीला बाजूला घेऊन सूचना दिली. म्हटलं, ही बाई खरी वाटायला हवी असेल तर तिला एखादा तरी गुण द्या. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, आहे ना. शेवटच्या वाक्यात आहे. आज थांबा. थांबले नाही. सातवी ब.

स्टाफरूममध्ये विज्ञानाचे सर म्हणाले, काय बाई, नाटकाची गोडी लागली वाटतं! म्हटलं, सर, डॉक्टर रोज दवाखान्यात जातो म्हणून त्याला तापाची गोडी लागली असं म्हणतो का आपण? ते चहाच्या कपात तोंड घालून बराच वेळ हसत होते. काही माणसांना हरल्यावर हसू येतं.

२९ जानेवारी, गुरुवार

महत्त्वाचा पुरावा मिळाला. नववीतली खिडकीजवळची मुलगी माझ्या तासाला वर्षभरात एकदाही बोललेली नाही. तिथे ती घड्याळबाईची शेजारीण होते आणि दोन मिनिटं सलग भांडते, तेही कमरेवर हात ठेवून. आज भूमितीच्या तासाला तिने आपणहून हात वर केला. उत्तर चुकलं. म्हणजे नाटकाचा गणिताला काडीचा उपयोग नाही, हे सिद्ध झालं.

उत्तर चुकल्यावरही तिने पुन्हा हात वर केला. हे रिपोर्टमध्ये घालायची गरज नाही.

३१ जानेवारी, शनिवार

ओट्यापाशी उभी होते. नवरा म्हणाला, हे काय पुटपुटतेस? मला कळलं, मी शेजारणीचं भांडण म्हणत होते. दोन्ही बाजूंनी. म्हटलं, हॉलमध्ये आवाज घुमतो, आपोआप कानात बसतं, मी काय करू?

तो म्हणाला, तुला खरंच अजून कळलं नाही? म्हटलं, काय? म्हणाला, काही नाही, दूध उतू चाललंय. दूध कुठेच उतू चाललं नव्हतं. मी गॅसही लावला नव्हता.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रिपोर्ट दिला! एका बैठकीत लिहून काढला. शेवटचं वाक्य मला स्वतःलाच आवडलं, म्हणून इथे उतरवते : 'नाटकामुळे विद्यार्थी आणि प्रेक्षक स्वतःकडे पाहायला शिकतात, असा दावा केला जातो; मात्र सलग चार आठवडे निरीक्षण करूनही प्रस्तुत लेखिकेला तसा अनुभव आला नाही.'

हेडसर म्हणाले, वा! वार्षिक कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग सही करतो.

घरी मुलीला सांगितलं, सुटलीस, पुढच्या वर्षी नाटक नाही. ती म्हणाली, कळलं. खोलीत गेली, दार लावलं. आपटलं नाही हं. वळण असावं तर असं. आतून थोड्या वेळाने रडण्याची तालीम ऐकू आली. या नाटकात रडणं कुठे आहे, मी तरी अजून पाहिलेलं नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

शिपाईमामांचं मनगट मुरगळलं. शनिवारी वार्षिक कार्यक्रमात पडदा कोण ओढणार? स्टाफरूममध्ये सगळे अचानक पेपर तपासायला लागले. मी म्हटलं, माझे हात चांगले आहेत.

नाटकवाली का कोण जाणे एकदम घाबरली. मग तिने नीट समजावून सांगितलं. शेवटी घड्याळबाई मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवते. मग एक वाक्य बोलते. मग मनात पाच आकडे मोजायचे आणि पडदा. म्हटलं, वाक्य सांगा, लिहून घेते. म्हणाली, मलाही माहीत नाही. तालमीत ती दर वेळी वेगळं बोलते. खरं वाक्य प्रयोगातच बोलणार म्हणते. ज्या माणसाला ते ऐकवायचंय, ते माणूस तालमीत कधी शेवटपर्यंत थांबतच नाही म्हणे.

कोण ते माणूस, मी विचारलं नाही. मुलांच्या आपसातल्या भानगडीत शिक्षकांनी पडू नये.

२१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी सात.

कार्यक्रमाचं वेळापत्रक मीच केलं आहे. नाटक ४.१० ते ४.३०. त्यावर तीन सह्या घेतल्या. काल दोरीला तेल लावून आले. एका बोटाने पडदा सरकतो आता.

मुलगी काही न खाता गेली. पिशवी छातीशी धरून. म्हटलं, काय आहे त्यात? म्हणाली, नाटकाचं सामान.

त्याच दिवशी. संध्याकाळी साडेसहा.

पडदा ४.१० ला उघडला. ठोक्याला.

तालमीत मी शेवटच्या रांगेतून बघत होते. आज मी विंगेत होते, मुलगी माझ्यापासून चार हातांवर. तिने माझा जुना चष्मा लावला होता. तो ड्रॉवरमधून हरवला म्हणून मी नवऱ्याला काय काय बोलले होते. घड्याळही माझंच, पट्टा तुटलेलं, दोऱ्याने बांधलेलं.

चष्मा पुसला. काचेवर टकटक. मी रागावलेली नाही. हॉल फुटला नुसता. हसता हसता माना विंगेकडे वळायला लागल्या. आधी विज्ञानाचे सर, मग पालक, मग हेडसरसुद्धा. नवरा दुसऱ्या रांगेत होता. तो एकटा हसत नव्हता.

मी त्या वेळी चष्मा काढून पुसत होते.

तेव्हा कळलं. सगळ्या शाळेला महिनाभर आधी कळलेलं होतं.

पुढचं नीट आठवत नाही. समास आले, शेजारीण आली, हशे आले. मग ती टेबलापाशी आली. दोरा सोडला, घड्याळ काढलं, टेबलावर ठेवलं. प्रेक्षकांकडे न बघता विंगेकडे वळली. माझ्याकडे. तोंड उघडलं.

मी पडदा पाडला.

वेळ झाली होती.

२२ फेब्रुवारी, रविवार

वेळ पाळणं हा गुन्हा नाही. वेळापत्रकावर तीन सह्या आहेत. नाटकानंतर गाणी होती, गाण्यांना उशीर झाला असता, लहान मुलं ताटकळली असती. दोरीला तेल जास्त झालं, हेही एक कारण आहेच.

नवऱ्याला हे सगळं क्रमवार सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, अगं, चहा घे.

मुलगी जेवायला आली, जेवली, ताट उचललं, गेली. माझा जुना चष्मा पुसून टेबलावर ठेवला होता. घड्याळही. घड्याळाला दोरा तसाच.

दुपारी.

पडदा पाडताना मी वेळ बघितलीच नव्हती. नंतर बघितली. चार सत्तावीस झाले होते.

आणि सातवीत मला राणीचं काम हवं होतं. पूर्ण पाठ होतं माझं. मरणासकट.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी हेडसरांकडे गेले आणि रिपोर्ट परत मागितला. म्हटलं, निरीक्षण अपुरं होतं, शेवटची चार मिनिटं एकदाही पाहिलेली नाहीत. ते म्हणाले, छे हो बाई, इतकं मुद्देसूद मी परत देत नसतो. सही कधीच झाली. आणि काय शिस्त तुमची, पडदा कसा धाडकन पाडलात! मला तर वाटलं, नाटकातच आहे ते.

पुढच्या वर्षीपासून गुरुवारी भूमिती. शिकवणार मीच.

हॉलमध्ये नाटकवाली बाकं परत जागेवर लावत होती. एक बाजू मी धरली. विचारलं, ते वाक्य काय होतं? ती म्हणाली, मला कसं माहीत असणार? बोललीच कुठे ती? रागाने म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. मग म्हणाली, अहो बाई, हळू, बोट सापडेल.

कुठेही लिहिलेलं नाही ते. तो नियमच होता त्यांचा.

संध्याकाळी सहा.

ती खोलीत आहे. दार बंद. दोनदा जाऊन उभी राहिले आणि परत आले. अभ्यास करत असेल, असं लिहिणार होते. अभ्यास करत नाहीये.

चिठ्ठी लिहिली. कोरा कागद, समास न आखता. ती नाही म्हणणार हे मला माहीत आहे. मी तिच्या जागी असते तर दारही उघडलं नसतं. तरी दाराखालून सरकवली.

ते वाक्य मला एकदा बोलून दाखवशील का? मी घड्याळ काढून ठेवलंय.