नोरीनचा पाचवा फाऊल

हॅझल ग्रोव्ह, आयोवा
२१ ऑक्टोबर

प्रिय नोरीन,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू दचकली असशील. नाताळ अजून दोन महिने लांब आहे, आणि छप्पन्न वर्षांत आपण एकमेकींना नाताळच्या कार्डाखेरीज काही लिहिलेलं नाही. कार्डावर तरी काय, तर हवा, गुडघे आणि नातवंडं. तेव्हा आधी तेच उरकते. हवा कोरडी आहे, मका कापून झाला, सगळ्या गावावर धुरळा बसलाय. डावा गुडघा बदलून घेतला, उजवा बदलायची हिंमत नाही. ग्लेनला जाऊन सहा वर्षं झाली, तरी मी अजून कॉफी दोघांची करते आणि अर्धी ओतून देते. थोरली नात यंदा बास्केटबॉलच्या संघात आली. तिला आपला जुना सहा-सहा मुलींचा खेळ समजावून सांगितला. तीन जणी मैदानाच्या या अर्ध्यात, तीन त्या अर्ध्यात, मधली रेघ ओलांडायची नाही. ती हसत सुटली. म्हणाली, "म्हणजे आजी, ज्या अडवायच्या त्यांनी आयुष्यात कधी बास्केट टाकलीच नाही?" मी म्हटलं, नाही टाकली. माझ्या मैत्रिणीने चार वर्षांत एकही टाकली नाही, आणि तिच्यासारखी खेळाडू मी पुन्हा पाहिली नाही. नातीला ते काही पटलं नाही.

आपली शाळा बंद झाली हे तुला ठाऊक आहे. मुलं बसने बावीस मैलांवर जातात. आपण सामने खेळायचो ती जिम मात्र गावाने ठेवली, आणि तिच्या व्हरांड्यात काचेची कपाटं लावून हॉल ऑफ फेम केला. दर वर्षी सप्टेंबरात दोघातिघांची नावं पितळी पट्टीवर चढतात. लोवेल ब्रांट समितीचा अध्यक्ष आहे. तोच तो, सामन्यांना मक्याच्या लाह्या विकायचा आणि आपल्याला फुकट द्यायचा. यंदा त्यांनी अडुसष्टचा आपला अख्खा संघ घेतला, आणि कोच म्हणून माझ्या बाबांना. आमंत्रण तुला मिळालं असणार. लोवेल म्हणाला, पत्ता चुकला असेल, उत्तर नाही आलं.  पत्ता मीच दिला होता, तो बरोबर होता.

बाबा ब्याण्णव वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचाही जवळपास गेली. डोकं शाबूत आहे. शब्द मात्र एक-एक करून ओढून काढावा लागतो, आणि कधी भलताच बाहेर येतो; मग ते डोळे मिटून घेतात. चर्चमागच्या वृद्धाश्रमात त्यांना खिडकीजवळची खोली आहे. मी रोज जेवणाच्या वेळी जाते. ऑगस्टमध्ये लोवेल ही बातमी घेऊन आला तेव्हा बाबांनी मान हलवली. नाही, नाही. लोवेल हसला, "पाहिलंस, कोच अजून तसेच! स्वतःचं कौतुक कधी चालायचं नाही त्यांना." तो गेल्यावर बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि बराच वेळ झगडून एक शब्द बाहेर काढला. नोरीन. मी म्हटलं, हो बाबा, तिलाही बोलावलंय. त्यांनी डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर आपटलं. त्यांना ते म्हणायचं नव्हतं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं, नोरीन. मी उशी नीट केली आणि जेवणाचं ताट पुढे ओढलं.

आता ते लिहिते. अंतिम सामना, नऊ सेकंद उरलेली, आपण एकसष्ट, त्या साठ. बाबांनी वेळ मागून घेतला. सगळ्या जणी गोल करून उभ्या होतो, ते म्हणाले, हात वर ठेवा, घाबरू नका. गोल मोडला. तू तुझ्या अर्ध्याकडे वळलीस तेव्हा त्यांनी तुझं कोपर धरलं. मी टॉवेल उचलायला वाकले होते, तुझ्यापासून हातभर अंतरावर. ते म्हणाले, "त्या उंच पोरीकडे चेंडू आला की धर तिला. पाड. तिचे आज तीन फ्री थ्रो हुकलेत, दोन्ही टाकायची नाही ती." तू म्हणालीस, "कोच, माझे चार फाऊल झालेत." ते म्हणाले, "माहितेय मला. धर." तू धरलंस. पाचवा फाऊल, तू बाहेर. तू येऊन त्यांच्या शेजारी बसलीस, आणि त्या पोरीने दोन्ही टाकले. आपण एका गुणाने हरलो.

 दुसऱ्या दिवशी पेपरात बाबांचं वाक्य छापून आलं: "त्या मुलीच्या डोक्यात काय शिरलं, कोण जाणे." ते वाक्य मी स्वयंपाकघरात उभं राहून वाचलं. बाबा समोर बसून अंडी खात होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मीठ मागितलं. मी दिलं. सतरा वर्षांची होते असं म्हणून मी स्वतःला पुष्कळदा सोडवलं आहे. पण अठराव्या वर्षीही बोलले नाही, तिसाव्याही नाही. दुकानात पोरं तुझ्यामागे "धर तिला!" म्हणून ओरडायची, तेव्हा मी तुझ्याबरोबर होते. तुझे वडील कॅफेत यायचे थांबले, ते मी पाहिलं. तू वाट बघत होतीस, एवढं मला समजत होतं. बाबांनी आपणहून सांगावं, आणि त्यांनी नाही तर मी. जूनमध्ये शाळेच्या पदवीदानाचा झगा परत केलास आणि त्याच आठवड्यात बसने निघून गेलीस. मी स्टँडवर आले नाही. आले असते तर तू विचारलं असतंस.

सत्कार गेल्या महिन्यात, शनिवारी दुपारी झाला. जिम भरली होती. बाबांची चाकाची खुर्ची पहिल्या रांगेत, कोट मी त्यांना चढवलेला, टाय लोवेलने बांधलेला. त्यांच्या वतीने दोन शब्द मी बोलायचे होते. माझ्याकडे दोन कागद होते. एक लोवेलने लिहून दिलेला, दुसरा मी तीन आठवडे लिहीत होते तो, त्या नऊ सेकंदांचा. मी माइकपाशी गेले आणि सगळे लोक बाबांसाठी उठून उभे राहिले. नव्वदीच्या बायका काठ्यांवर उभ्या राहिल्या, गं. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, आज नको. या माणसाला आजचा दिवस तरी असू दे. मी लोवेलचा कागद वाचला. शिस्त, निष्ठा, गावाचा मान. टाळ्या झाल्या.

मी खाली येऊन त्यांच्याजवळ वाकले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. डाव्या हातात अजून बळ आहे. ते म्हणाले, "सांगितलं... नाहीस." अगदी स्वच्छ. ते रडत होते ते कौतुकाने नव्हे, नोरीन. मी आता सांगेन, म्हणून ते वाट बघत होते. त्यांना स्वतःला बोलता येत नाही, आणि त्यांचं तोंड म्हणून मला तिथे उभं केलं होतं. मी त्यांना वाचवायला गेले आणि त्यांची शेवटची संधी घालवली.

मी परत माइककडे गेले, पण तिथे सोडतीचे आकडे पुकारायला सुरुवात झाली होती. मग लोवेलला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्याने हातातली अ‍ॅपल-पायची बशीसुद्धा खाली ठेवली नाही. "अगं अर्लिस, त्या फाऊलमुळे तर लोकांना आपलं गाव आठवतं! आता कोण मनावर घेतंय? आणि आजच्या दिवशी, कोचसमोर?" मी म्हटलं, कोचनाच ते सांगायचं आहे. तो माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "दमलीयस तू. बस जरा." मग ला-व्हॉनकडे गेले. ती आपल्याबरोबर चार वर्षं खेळली, तिला तरी धक्का बसेल असं वाटलं. ती शांतपणे म्हणाली, "मला अंदाज होता. कोचनी सांगितल्याशिवाय नोरीन कुणाला हात लावणारी नव्हती. आम्हाला सगळ्यांनाच अंदाज होता." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तू त्यांची मुलगी. तू बोलत नव्हतीस, मी कशी बोलणार?" सोमवारी पेपरच्या कचेरीत गेले. तिथला नवा संपादक भला माणूस आहे, पण तो म्हणाला, कोचना बोलता येत नाही, तुम्ही एकट्याच सांगताय, आणि जिच्याबद्दल आहे तिचं काही मागणं नाही. हे मी कसं छापू? 

त्या दिवसापासून बाबा रोज एकच विचारतात. "पत्र?" मी त्यांना सांगितलं होतं की तुला सगळं लिहून कळवलंय. लिहिलं नव्हतं. रोज रात्री कागद घ्यायचे आणि हवा, गुडघे, नातवंडं यांच्यापलीकडे जाता यायचं नाही. बाबांनी जेवण सोडलं. डॉक्टर म्हणाल्या, आता फार दिवस नाहीत, त्यांना जबरदस्ती करू नका. ते दाराकडे बघत पडून राहायचे. आणि मी काही करू शकत नव्हते, नोरीन. तुझ्या दाराशी यायला धीर नव्हता, आणि त्यांच्या दारातून आत जाताना हात रिकामे असायचे.

आता जे सांगायचं म्हणून हे सगळं लिहिलं, ते. गेल्या मंगळवारी मी तुझी जुनी कार्डं काढून बसले, तुझं डावीकडे कललेलं अक्षर गिरवलं आणि तुझ्या नावाने त्यांना पत्र लिहिलं. त्यात तू म्हणालीस की राग केव्हाच गेला. तुला तसं म्हणायला लावण्याचा मला कोणी अधिकार दिला नव्हता. मी ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी तीनदा वाचायला लावलं, मग वाटीभर सूप प्यायले. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी पेन मागितलं. चार दिवस ते डाव्या हाताने तुला उत्तर लिहीत होते, एका बैठकीत दोन-तीन अक्षरं, घाम पुसून पुन्हा. तो कागद सोबत आहे. त्यावर एवढंच आहे: "मी सांगितलं. धर म्हणून. तू नाही. मी." आणि खाली सही. तू न लिहिलेल्या पत्राचं हे उत्तर आहे; पण त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. कागद तुझा आहे. पेपरला दे, लोवेलला पाठव, नाहीतर जाळ. मी टपालात टाकलं म्हणून त्यांना सांगेन, आणि या वेळी ते खोटं नसेल. ते पुन्हा विचारायला लागतील, "पत्र?" तू लिही असं मी म्हणणार नाही. फक्त एवढं ठाऊक असू दे की तुझ्या नावाने मी पुन्हा एक अक्षरही लिहिणार नाही, त्यांनी कितीही दाराकडे बघितलं तरी.

तेव्हा तुझ्यापासून हातभर अंतरावर असलेली,
तुझीच,
अर्लिस