मिरचीच्या आकाराचा अंधार

सर,

एका गंभीर अन्यायाची नोंद घ्यावी. गेले आठ दिवस माझं कुंकू कपाळाच्या मधोमध लागत नाही. शेजाऱ्यांनी नवा कूलर घेतला आहे आणि तो आपल्या गॅलरीत, आमच्या भिंतीला खेटून बसवला आहे. तो सुरू झाला की भिंत थरथरते, भिंतीवरचा आरसा थरथरतो, आरशातलं माझं कपाळ थरथरतं आणि कुंकू डाव्या भुवईकडे निघून जातं. धरमपेठेतल्या शिकल्यासवरल्या बायका मला रस्त्यात थांबवून विचारतात, ही नवी फॅशन का? मी तक्रार घेऊन शेजारणीकडे गेले. ती म्हणाली, "अवं, आरसा हालून राहिला तं आरसा काढून ठेव ना. आमच्या कूलरच्या मागे काहून लागली?" वर्तमानपत्रात दर आठवड्याला लोकांची टर उडवून पोट भरणारी बाई मी, आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या खमंग भाजणीचा वास घेत मुकाट परत आले.

मग त्या थरथरत्या आरशासमोर उभी असताना तुम्ही आठवलात. तुम्ही आज हयात असतात तर कुंकवाची काळजी केली नसती. भिंतीवर हात ठेवून म्हणाला असतात, "पाह्य पोरी, हाताला कळत नाही ते उजेडाला कळते." हे वाक्य तुमच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं होतं, की परीक्षेत ते व्याख्या म्हणून लिहिलं होतं. तुम्ही मार्क दिले नाहीत.

तो मे महिना. आपल्या कॉलेजात लेझर आला होता. आपला नव्हे, दुसऱ्या गावातल्या एका संस्थेने सुट्टीपुरता उसना दिलेला. ती लांबुळकी पेटी तुम्ही स्टेशनवरून रिक्षात मांडीवर घेऊन आलात, नव्या नवरीला आणावं तशी, आणि रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्यापाशी उतरायला लावलंत. परदेशातून आलेल्या सहा काचा होत्या. साध्या फोटोत वस्तू सपाट होते. या काचेवर लेझरच्या उजेडाने घेतलेलं चित्र खरोखर खोल दिसतं, मान हलवली तर वस्तूची बाजूसुद्धा दिसते. कागदावर हे सगळं आपल्याला येत होतं. अडचण एकच होती. काचेवर उजेड पडत असताना मिनिटभर कुठलीही गोष्ट केसाच्या शंभराव्या भागाइतकीही हलता कामा नये. हललं की तिथे चित्र उमटत नाही, नुसता काळोख उमटतो.

अशी जागा कुठे मिळायची? तुम्ही शोधून काढलीत: नागपूरची मे महिन्यातली दुपार. दुपारी एक ते चार या गावात ट्रकवालेसुद्धा झाडाखाली झोपतात. पृथ्वीवर इतकी निश्चल जागा दुसरी नाही, असं तुम्ही अभिमानाने सांगायचात. फक्त पंखा बंद, कूलर बंद, खिडक्यांना काळा कागद, आणि आत आपण तिघं घामाने निथळत हिरव्या मिणमिणत्या दिव्यात बसलेलो.

तिसरे म्हणजे प्रयोगशाळेचे अटेंडंट. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, तुम्ही नुसतं 'गा' म्हणायचात. टेबल त्यांनीच बनवलं होतं. स्कूटरच्या चार ट्यूबा, त्यावर लाकडी पेटी, पेटीत कन्हान नदीची चाळलेली रेती, आणि रेतीत खोचलेले आरसे. पहिल्या चार काचांवर तुम्ही तुमच्या मुलाचा, तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात तो लाकडी नंदी ठेवलात. हिरव्या रंगाचा. चारही वेळा रेती छान आली आणि नंदी काळा ठिक्कर. तुम्ही दोन दिवस गणितं मांडत होतात. तिसऱ्या दिवशी भाऊ चहाचे कप उचलता उचलता म्हणाले, "सर, उजेड लाल हाय. हिरवा रंग लाल उजेड गिळून टाकन ना. लाल वस्तू ठिवा." आणि खिशातून त्यांनी एक वाळलेली मिरची काढली. त्यांची सासुरवाडी भिवापूरची, मिरचीच्याच गावची.

तुमचा चेहरा मला अजून दिसतो, सर. डॉक्टरेट मिळवलेला माणूस मिरचीकडे पाहतो आहे.

"ठेव गा," तुम्ही म्हणालात. आभार मानायला विसरलात, पण ते असो.

पाचवी काच लावली. मिरची रेतीवर उभी. भाऊंनी लेझरच्या तोंडावरचा पुठ्ठा उचलला आणि तुम्ही मनात आकडे मोजू लागलात. विसाच्या आसपास मला जाणवलं, माझ्या नाकात भिवापूर शिरलं आहे. मी नाक चिमटीत धरलं. पदराचा बोळा तोंडात कोंबला. देवाचं नाव घेतलं, मग न्यूटनचं घेतलं. चाळिसाव्या आकड्याला शिंक आलीच. मी ती इतकी दाबली की आवाज फक्त गादी पडल्यासारखा झाला. पण वारा कसा दाबणार?

"कोन हाललं?"

मी पदराचा बोळा सोडवून खांद्यावर नीट घेतला.

"सर, मी नाही," भाऊ म्हणाले.

"तू नाही, ही पोरगी नाही. मंग का मिरची आपल्या पायानं हालली?"

काच धुऊन आणलीत, लेझरसमोर धरलीत. रेतीचा कण न् कण उमटला होता. आरशाचा लाकडी ठोकळा होता. आणि मधोमध मिरचीच्या आकाराचं एक काळं भोक. तुम्ही भाऊंकडे वळलात. "ट्यूबले पाय लावला तू. किती वेळा सांगतलं गा! उद्यापासून बाहेर बस. दारावर."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुठ्ठा जागेवर ठेवला, हात पुसले आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सहावी काच आपण दोघांनीच घेतली. मिरची अशी आली की मी तिला शिवायला बोट पुढे केलं. भाऊ बाहेर व्हरांड्यात कुत्री हाकलत होते.

आता तुमच्याशी थोडं भांडते. ती शिंक माझी होती, हे आज सांगून टाकते. पण सर, ट्यूबला पाय लागला असता तर सगळी पेटी हलली असती, रेतीसुद्धा काळी आली असती. फक्त मिरची गेली, म्हणजे जे हललं ते वाऱ्याने हललं. मिरचीच्या समोर तोंड करून मी बसले होते, भाऊ बाजूला. गुन्हेगाराचा पत्ता काचेवर लिहिलेला होता आणि तो वाचायला तुम्हीच मला शिकवलं होतं. मी तो त्याच क्षणी वाचला. तुम्ही नाही वाचलात? की वाचायच्या आधीच तुमची मान भाऊंकडे वळली होती? इतकी वर्षं मी हा प्रश्न विचारला नाही, कारण विचारणारीचं नाक आधी पुढे आलं असतं.

सहावी काच तुम्ही माझ्या लग्नात दिलीत. साध्या उजेडात ती नुसती धुरकट काच दिसते. सासूबाईंनी ती दोनदा फोटोच्या फ्रेमला लावायला काढली आणि मी दोनदा वाचवली. सासरी माझ्याबद्दल पहिलं मत तिथे बनलं.

परवा ती काच टॉवेलात गुंडाळून मी इंदोऱ्याला, भाऊंच्या घरी गेले. भाऊ निवृत्त झालेत. बाजेवर बसून पेपर वाचत होते. माझंच सदर उघडं होतं, त्यामुळे सुरुवात अवघड गेली. चहा झाला. मी म्हटलं, "भाऊ, ती शिंक माझी होती."

"कोनती?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हंजे ताई, इतके साल मी तोंड बंद करून बसलो, अन् नाक तुमचं होतं?"

मी मान हलवली.

"तुमी तं पेपरात मंत्र्यायले सोडत नाही. त्या दिवशी येक शब्द नाही निंघाला?"

"नाही निघाला."

"हं." त्यांनी पेपराची घडी घातली. आतून त्यांच्या बायकोने विचारलं, काय झालं हो? "काही नाही वं. जुनी शिंक हाय," ते म्हणाले. आणि मला म्हणाले, "बोलनं बसलं त्याचं येवढं नाही. सर तं सगळ्यायलेच बोलत. पण पेटी माही, मिरची माही, अन् काचेत मलेच नाही दिसली."

मी त्यांना तशीच कॉलेजात घेऊन गेले; आता तिथे स्वतःचा लेझर आहे. तिथल्या तरुण प्राध्यापकाने आम्हाला अर्धा तास दिला, कशासाठी ते विचारलं नाही. मी काच धरली. भाऊ वाकले. डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, खाली नेलं. मी वाट पाहत होते. इतका वेळ मी कुणाच्या निकालाची वाट पाहिली नव्हती.

"देठ तुटका हाय," ते म्हणाले. "माहीच हाय." आणि पुन्हा पाहत राहिले. प्राध्यापकाने घड्याळ पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने हात खाली घेतला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, ते मला माहीत नाही, टाकणारही नाही. सदरात छापायचा मोह झाला होता, तोही आवरला, कारण छापलं असतं तर मी त्यात गमतीदार दिसले असते. एवढंच सांगायचं राहिलं. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की त्या दिवशी मी तुम्हाला घाबरून गप्प बसले. तुम्हाला कोण घाबरत होतं, सर? मला आत राहायचं होतं. सहाव्या काचेला.

कॉलेजच्या फाटकापाशी मी काचेसकट तो टॉवेल भाऊंच्या हातात दिला. "घरी कोनत्या उजेडात पाहू?" त्यांनी विचारलं. घरी दिसणार नाही, मी म्हटलं. त्यांनी क्षणभर विचार केला, टॉवेलातून काच काढून आपल्या रुमालात बांधली, टॉवेल घडी करून मला परत दिला आणि बसच्या रांगेत जाऊन उभे राहिले.