पांगो पांगोची स्वस्ताई

प्रिय लोसा,

तुझं पत्र मिळालं. ताई, कायमची ये म्हणतेस. तिकडे पांगो पांगोला कोंबडीच्या तंगड्यांचं खोकं आमच्या निम्म्या भावात, डबाबंद मासळी हवी तेवढी, वीज जात नाही, पगार डॉलरात. मी शाळेत दुसरीच्या पुढे गेले नाही, पण हिशोब मलाही कळतो, तेव्हा माझा ऐक. इकडे सावाई बेटावर दुकानातलं सगळं महाग, कबूल. राजधानीहून, आपियाहून, बोटीनं येतं, ते भाडं आमच्या साबणाच्या वडीवर चढतं. पण नीरफणस झाडाला, अळकुड्या रानात, नारळ दारात. मासा नवरा आणतो. नाही आणला तर मी त्याला बोल लावते आणि दिराच्या घरून येतो. तुझ्याकडे अळकुडीसुद्धा विकतची, तीही आमच्याच बेटांवरून गेलेली. दिवसभर कारखान्यात उभं राहून मासे साफ करायचे आणि त्याच पगारात मासे विकत घ्यायचे, याला स्वस्ताई म्हणतात होय? चर्चची वर्गणी तेवढी दोन्हीकडे सारखी. पाद्री मोठ्यानं नावं आणि रकमा वाचतात, कमी दिलं की लाजही सारखीच.

तरी खरं सांगते, गेल्या महिन्यापर्यंत माझं मन निम्मं तिकडेच होतं. तुझ्या डॉलरपायी नव्हे. आईला तुझ्या अंगणात पुरलंय म्हणून. डोळे दाखवायला म्हणून तू तिला नेलंस आणि ती तिकडेच वारली. मला तिकडे यायचा परवाना वेळेवर मिळाला नाही. मातीला येता आलं नाही, म्हणून मी चटई पाठवली. कुठली, ते तुला सांगायला नको, पण सांगते. केवड्याची पानं रेशमासारखी बारीक चिरून आईनं ती विणायला घेतली, डोळे गेले तशी अर्ध्यात राहिली, आणि पुढची तीन वर्षं मी विणली. एका कोपऱ्यात तिची वीण वाकडी गेली होती. विणकामाच्या घरातल्या बायका म्हणाल्या, "उसव गं ते, लोक हसतील." मी नाही उसवलं. आई म्हणायची, "ही कुणाला द्यायची नाही. मला हिच्यातच निजवा." तू लिहिलंस, "ताई, तिच्या अंगाखाली घातली, तिच्याबरोबरच मातीत गेली." ते मी बायकांना वाचून दाखवलं. सगळ्या रडल्या. मीही रडले, आणि मनात म्हटलं, धाकटी शहाणी निघाली.

गेल्या महिन्यात पलीकडच्या गावातले कुळप्रमुख वारले. आम्ही नवऱ्याच्या बाजूनं मयतीच्या आहेराच्या चटया घ्यायला बसलो होतो. आपियाचे पाहुणे आले, त्यांच्या बायका एकेक चटई उलगडून मिरवत आणू लागल्या. शेवटची सगळ्यांत मऊ, कडेला लाल पिसं. बसलेल्या बायका वा वा करू लागल्या. मी कोपरा बघितला. मग उठून हात लावून बघितला, मोठ्यांसमोर उठू नये तरी उठले. पाहुणी तोऱ्यात म्हणाली, "पांगो पांगोहून घेतलीय. कारखान्यातल्या एका बाईनं विकली. गाडी घ्यायची होती तिला, घाईत होती, स्वस्तात दिली." माझी जाऊ कानाशी लागली, "फुआतिनो, तुझ्या हातची वाटते गं?" मी म्हटलं, नाही.

नाही म्हटलं कारण आईचं नाव तिथं शंभर माणसांत निघालं असतं आणि तुझं त्याच्या मागोमाग. तुझ्यासाठी नाही म्हटलं असं समजू नकोस. आता चटई त्या घरी आहे, पुढच्या मयतीला आणखी कुठे जाईल. मागायला गेले तर माझी कशी ते सांगावं लागेल. मी येत नाही. आता नाही, पुढेही नाही. बोटीबरोबर डब्यांची खोकी पाठवू नकोस, मी धक्क्यावरून उचलणार नाही. फक्त एक लिहून पाठव, आणि या वेळी खरं लिही. आईला कशात निजवलंस?

तुझीच थोरली बहीण, ते काही बदलता येत नाही,
फुआतिनो