दोन दिवस न उघडायची पेटी

आवडी (चेन्नई), शुक्र. ११-७-२००८
बी.पी. पुन्हा जास्त. नात शुभा संध्याकाळी लॅबमधून आली. तिचे पीएच.डी.चे सर म्हणाले, सोमवारी काम जमल्याचं चित्र दाखव, नाहीतर विषय बदल. पोरीचं दीड वर्ष गेलंय त्यात.
मी सातवी शिकलेला, मला किती कळणार? डी.एन.ए.चे धागे. कुठला धागा कुठे चिकटेल ते ती आधीच लिहून ठरवते. खारट पाण्यात सगळे घालून तापवायचे. निवताना आपोआप घडी पडून चौकट होते, चौकटीवर एक हात. खुणेचा धागा दिला की उघडतो, दुसरा दिला की मिटतो. असे कोट्यवधी हात पुढे कण मांडून नवेच पदार्थ घडवतील म्हणते. नळीत बघितलं तर नुसतं पाणी.
ती खोटं बोलणार नाही. पण तिचीच फसगत होत असली तर?

शनि. १२
लॅबमधलं निववायचं यंत्र करंट गेला की पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून थर्माकोलची पेटी, आत कडकडीत पाण्याचं पातेलं, त्यात नळ्या तरंगत. दोन दिवसांत आपसूक निवेल. तिथे कुणीतरी पेटी उघडून आपल्या नळ्या ठेवतं, म्हणून घरी आणली.
सौ. शुभाला म्हणाली, "माझं इडलीचं पातेलं घेतलंस, आता दोन दिवस काय लोणचं मुरवतेस?"
"आजी, तसंच समज. फक्त चाखायचं नाही."
हे मात्र मला कळलं. एकतीस वर्षं भट्टीवर काढली. पोलाद घाईने निवलं तर ताण आत राहतो, वरून दिसत नाही. शुभाला सांगितलं. "अगदी तेच, आजोबा," म्हणाली. दिवसभर बरं वाटलं.

रवि. १३
शुभा नुंगंबाक्कमला मैत्रिणीकडे. "उघडू नका हं." मला सांगायला हवं का? भट्टीचं दार उघडलं म्हणून मी माणसं ओरडून रडवलीत.
पण भट्टीला उष्णता दाखवणारा काटा असायचा. इथे काहीच नाही. झाकणावर हात ठेवला, कोमट. म्हणजे ऊब बाहेर जाते की काय? तासभर तसाच बसलो.
उघडलं. चष्म्यावर वाफ. एक नळी कलली होती, बोटाने सरळ केली. झाकण लावलं, टेप पुन्हा चिकटवली. ३.२५.
सौ.ने पाहिलं. "सांगा तिला."
सांगतो म्हटलं. शुभा आली, जेवली, झोपली.

सोम. १४, सकाळ
पेटी धरून स्टेशनपर्यंत गेलो. गाडी दिसायला लागली तेव्हा सांगितलं.
"का पण, आजोबा?"
"धीर निघाला नाही."
"किती वेळ?"
"दहा आकडे मोजावेत इतका."
"वाजले किती होते?"
वही काढून तिने वेळ लिहून घेतली. म्हणाली, "सरांना सांगावं लागेल."
"मग तुझा विषय?"
"सांगावं लागेल."
बायकांच्या डब्यात चढली. वळून पाहिलं नाही.
चित्र आलं नाही तर तिची आखणी चुकली की माझं बोट नडलं, हे कुणालाच कळायचं नाही. तिलाही. हे काल सुचायला हवं होतं.

सोम., दुपार
जेवण गेलं नाही. सौ. म्हणते, फोन लावा. नाही लावला. सूक्ष्म सुईने चाचपडत चित्र काढणारं यंत्र आहे, वेळ लागतो.
४.१० ला तिचाच आला. चौकटी दिसल्या, बऱ्याच. हात एकीलाही नाही.
"माझ्यामुळे?"
"माहीत नाही. खरंच माहीत नाही. सरांनी शुक्रवारपर्यंत वेळ दिलाय. पेटी परत आणते."
मी म्हटलं, मी दोन दिवस अंबत्तूरला बहिणीकडे जाऊन राहतो.
मग म्हणाली, "सातपर्यंत येते. पाणी तापवून ठेवा."
म्हणजे मी राहायचं की पाणी ठेवून निघायचं?